मागचे टायर रुंद केले, तर गाडीची पकड खरोखर वाढते का?

इंदूरच्या भंवरकुआं भागातील कोणत्याही शिकवणी वर्गात अकरावीच्या विद्यार्थ्याला हे शिकवले जाते की, घर्षण हे दोन पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणाऱ्या भारावर अवलंबून असते आणि स्पर्शाचे क्षेत्रफळ कमी-जास्त केल्याने त्यात फरक पडत नाही. तोच विद्यार्थी संध्याकाळी वडिलांबरोबर ए. बी. रोडवरच्या टायरच्या दुकानात गेला, तर तेथे त्याच्या कानावर पडते, “भिया, पीछे चौड़े डलवा लो, गाड़ी चिपक के चलेगी.” पुस्तक खरे मानावे तर दुकानदार चुकतो आणि दुकानदार खरा मानावा तर पुस्तक. गाडीला मागे रुंद अलॉय आणि जाड टायर बसवून घेण्याची हौस आपल्याकडे चांगलीच रुजली आहे, आणि त्यासाठी पगारातले हजारो रुपये मोजणाऱ्या तरुणांना या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते. उत्तर थोडक्यात असे की, रुंदीचा उपयोग होतो, पण तो लोक समजतात त्या कारणाने होत नाही आणि आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक गाड्यांना तर मागच्या रुंदीचा पुढे जाण्यासाठी काहीच उपयोग नसतो.

पकड म्हणजे काय?

टायर न घसरता रस्त्याला जास्तीत जास्त जेवढ्या जोराने ढकलू शकतो, तेवढी त्याची पकड. ही पकड तीन कामांसाठी वापरली जाते: वेग वाढवणे, ब्रेक लावणे आणि वळणे. टायरवर पडणाऱ्या भाराला एका संख्येने गुणले की पकडीचा अंदाज येतो आणि त्या संख्येला घर्षणांक म्हणतात. कोरड्या, चांगल्या डांबरावर साध्या टायरचा घर्षणांक ०.८ च्या आसपास धरता येतो. ओल्या रस्त्यावर तो बराच खाली येतो आणि चिखलात त्याहूनही खाली जातो. म्हणजे एका चाकावर ३०० किलो भार असेल, तर ते चाक कोरड्या डांबरावर साधारण २४० किलो भाराएवढा जोर लावू शकते. त्यापुढे ते जागच्या जागी फिरू लागते किंवा घसरते.

या हिशेबात टायरची रुंदी कोठेच आलेली नाही, आणि पुस्तकाचे म्हणणे नेमके हेच आहे. हा नियम फ्रान्समधील गिओम आमोंताँ यांनी १६९९ साली मांडला आणि कूलोम यांनी १७८५ मध्ये प्रयोगांनी तो पक्का केला. मात्र हे प्रयोग मुख्यतः लाकूड आणि धातू यांसारख्या कठीण पदार्थांवरचे होते. हवेने भरलेले रबरी टायर त्यानंतर शंभर वर्षांनी आले.

जमिनीला टेकतो तो ठसा केवढा असतो?

टायर कितीही मोठा दिसला, तरी कोणत्याही क्षणी त्याचा फार छोटा भाग रस्त्याला टेकलेला असतो. त्या भागाला आपण ठसा म्हणू. तो घरच्या घरी पाहता येतो. सपाट जागी हँडब्रेक लावून, बाकीच्या चाकांना अडसर घालून, एक पुढचे चाक जॅकवर उचलावे, त्याच्या तळाला पाण्यात कालवलेला गेरू लावावा, खाली जाड पुठ्ठा सरकवावा आणि जॅक हळूहळू उतरवावा. चाक पुन्हा उचलल्यावर पुठ्ठ्यावर तांबडा, कडांना किंचित गोलाई असलेला चौकोन उमटलेला दिसतो, आणि त्यात टायरच्या खोबणींच्या पांढऱ्या रेघा राहिलेल्या असतात.

या चौकोनाचे क्षेत्रफळ कशावर ठरते? आतली हवा बाहेरचा भार पेलत असते, म्हणून भाराला हवेच्या दाबाने भागले की क्षेत्रफळाचा ढोबळ अंदाज येतो. ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. दोन माणसे बसलेल्या लहान हॅचबॅकच्या पुढच्या चाकावर ३०० किलो भार असेल, तर ठसा साधारण १३० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम पंजाएवढा येतो. १८५ मिलिमीटरच्या टायरवर तो अंदाजे १३ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब असेल. त्याच गाडीला, तेवढीच हवा ठेवून, २१५ मिलिमीटरचा टायर बसवला तर भार तोच आणि दाबही तोच असल्यामुळे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच राहते. ठसा १६ सेंटिमीटर रुंद होतो, पण त्याची लांबी ८ सेंटिमीटरवर येते. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत बसत नाही आणि रुंद टायरचा ठसा प्रत्यक्षात थोडा मोठा भरू शकतो. तरी मुख्य गोष्ट कायम राहते. रुंदी वाढवली की रस्त्याला टेकणारे रबर त्या प्रमाणात वाढत नाही, त्याचा आकार बदलतो.

मग रुंद टायरचा फायदा येतो कोठून?

रबर हा कठीण पदार्थ नाही. ते रस्त्याच्या खडीच्या बारीक खळग्यांत शिरते, तेथे दबते, सुटते आणि काही अंशी पृष्ठभागाला चिकटतेही. टाकी लावलेल्या पाट्यावर कणकेचा गोळा नुसता ठेवला, तर तो उंचवट्यांनाच टेकतो आणि सहज सरकतो. थोडा दाबला, की कणीक खळग्यांत उतरते आणि गोळा सरकवायला जोर लागतो. मात्र खळगे एकदा भरत आले, की दुप्पट दाबूनही पकड दुप्पट होत नाही. रबराचे तसेच आहे. त्यावरचा दाब जितका वाढतो, तितका त्याचा घर्षणांक हळूहळू कमी होतो. तोच भार अधिक रबरावर पसरवता आला, तर दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब घटतो आणि एकूण पकड थोडी वाढते. पुस्तकातला नियम येथे थोडा ढिला पडतो, आणि दुकानदाराच्या बोलण्यातले तथ्य एवढेच आहे.

पण भार अधिक रबरावर पसरवायचा, तर हवा कमी करावी लागते, कारण क्षेत्रफळ ठरते ते हवेच्या दाबाने. रुंद टायरमध्ये हवेची जागा जास्त असल्यामुळे तो कमी दाबावरही तेवढाच भार सुरक्षितपणे पेलू शकतो, आणि त्याची खरी ताकद येथे आहे. रुंद टायर बसवून त्यात पूर्वीएवढीच किंवा त्याहून जास्त हवा ठासणाऱ्याला या फायद्यातला फारच थोडा भाग मिळतो.

दुसरा फायदा उष्णतेचा आणि झिजेचा आहे. रुंद टायरमध्ये एकूण रबर जास्त असल्यामुळे प्रत्येक भागाच्या वाट्याला येणारी उष्णता आणि झीज कमी होते, म्हणून कंपनी त्यासाठी अधिक मऊ, अधिक पकड देणारे रबर वापरू शकते. रुंद टायर बसवल्यानंतर गाडी चिपकून चालल्यासारखी वाटते, तेव्हा त्यातले बरेचसे श्रेय या मऊ रबराचे आणि नवेपणाचे असते. गोटा झालेले जुने टायर काढून त्याच मापाचे चांगले नवे टायर घातले असते, तरी फरक जाणवलाच असता.

तिसरा फायदा वळणावरचा आहे. आखूड आणि रुंद ठसा आडव्या जोरापुढे कमी पिळतो, त्यामुळे स्टिअरिंग फिरवताच गाडी चटकन वळते.

आपली गाडी कोणत्या चाकांनी ओढली जाते?

मागच्या टायरचा विचार करणाऱ्याने सर्वांत आधी हा प्रश्न विचारायला हवा, आणि दुकानात तो क्वचितच विचारला जातो. स्विफ्ट, बलेनो, आय-२०, टियागो, होंडा सिटी या सगळ्या गाड्यांचे इंजिन पुढे असते आणि ते पुढचीच चाके फिरवते. मागची चाके केवळ मागून येतात. अशा गाडीच्या मागच्या टायरची रुंदी दुप्पट केली, तरी गाडी पुढे ढकलण्याच्या कामात त्याचा वाटा शून्य राहतो.

खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटाची चढण घेऊ. चढावर आणि वेग घेताना गाडीचा भार मागे सरकतो. १,०५० किलोची हॅचबॅक दहास एक अशा चढावर मध्यम वेगवाढीने निघाली, तर पुढच्या चाकांवरचा सुमारे ७० किलो भार मागे जातो. ज्या चाकांनी गाडी ओढायची, तीच हलकी होतात. पावसात या चढावर थांबून पुन्हा निघताना पुढची चाके जागच्या जागी फिरतात ती यामुळे, आणि मागे काहीही बसवले तरी ती फिरायची थांबणार नाहीत. डिकीत जड सामान भरले, तर पुढचा भाग आणखी हलका होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पहिला गिअर सोडला तर कोरड्या रस्त्यावर पकड कमी पडतच नसते. अशा लहान इंजिनाचा पीळ (टॉर्क) साधारण ११० न्यूटन-मीटर असतो. पहिल्या गिअरमध्ये तो चौदा-पंधरा पटींनी वाढून चाकापर्यंत येतो, तेव्हा पुढची दोन चाके मिळून सुमारे ५०० किलो भाराएवढा जोर लावतात आणि तो ०.८ घर्षणांकाच्या मर्यादेला जवळपास भिडतो. म्हणूनच क्लच झटक्यात सोडला तर टायर किंचाळतात. दुसऱ्या गिअरमध्ये हा जोर निम्म्याच्या आसपास येतो, आणि त्यानंतर चांगल्या डांबरावर इंजिन पकडीच्या मर्यादेजवळही जात नाही.

मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. ईको, बोलेरो, स्कॉर्पिओ-एन, इनोव्हा क्रिस्टा या गाड्यांत वेग घेताना सरकलेला भार नेमका ओढणाऱ्या चाकांवर येतो. तरीही स्कॉर्पिओ-एनला कारखान्यातून चारही चाकांना एकाच मापाचे टायर येतात, हे लक्षात घ्यावे. एवढ्या ताकदीच्या गाडीलाही पुढे-मागे वेगळ्या रुंदीची गरज तिच्या निर्मात्यांना वाटलेली नाही.

पण शर्यतीच्या गाड्यांचे मागचे टायर एवढे रुंद का असतात?

हा आक्षेप रास्त आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीत अवाढव्य ताकद फक्त मागच्या दोन चाकांवर येते, रबर अत्यंत मऊ असते आणि ते दीडशे-दोनशे किलोमीटरही टिकले तरी पुरते. म्हणून २०१७ साली तेथील मागचा टायर ३२५ मिलिमीटरवरून ४०५ मिलिमीटरवर नेण्यात आला आणि गाड्या वळणांवर लक्षणीय वेगवान झाल्या. तरीही २०२६ च्या नियमांत तोच टायर पुन्हा ३० मिलिमीटरने अरुंद करण्यात आला, कारण रुंद टायर जड असतो आणि हवेला अडवतो. केवळ वेगासाठी जगणाऱ्या खेळातही रुंदीची किंमत मोजावी लागते.

रस्त्यावरच्या गाड्यांत पोर्शे ९११ चे उदाहरण बोलके आहे. या गाडीचे इंजिन मागच्या चाकांच्या आसाच्याही मागे असल्यामुळे तिचा बराचसा भार मागच्या चाकांवर पडतो. सुरुवातीला तिला चारही टायर सारखेच होते. १९७३ च्या कॅरेरा आरएस या प्रकारात पुढे १८५ आणि मागे २१५ मिलिमीटरचे टायर आले, ते तिचा मागचा भाग वळणावर सुटू नये म्हणून. जेथे भार आणि ताकद दोन्ही मागे आहेत, तेथे रुंदीही मागे हवी. आपल्या हॅचबॅकमध्ये हे दोन्ही पुढे असतात.

सरळ रेषेत पाव मैल धावणाऱ्या ड्रॅग शर्यतीच्या गाड्यांकडे पाहिले, तर आणखी एक गोष्ट उमगते. त्यांचे मागचे टायर रुंद असतातच, पण ते उंचही असतात आणि त्यांत हवा इतकी कमी असते की सुटताना त्यांच्या भिंतींना सुरकुत्या पडतात. त्यामुळे ठसा लांबीतही वाढतो. सरळ पळण्यासाठी ठशाची लांबीही तितकीच कामाची असते.

ट्रॅक्टरची मागची चाके तर रुंदच असतात

माळव्यातील शेतकरी कुटुंबातल्या वाचकाला हा प्रश्न पडणारच. ट्रॅक्टर मागच्या चाकांनी ओढतो, पण त्याचे रबर डांबरावर चालत नसते, ते मातीत रुतते. तेथे आधी हार मानते ती माती. टायरवरचे जाड उंचवटे मातीत घुसतात आणि त्यांच्यामधील मातीचा थर तुटेपर्यंत ट्रॅक्टर पुढे जातो. चिकणमातीचा हा तुटण्याला होणारा विरोध बऱ्याच अंशी क्षेत्रफळावर अवलंबून असतो, म्हणून शेतात रुंदी आणि चाकाची उंची दोन्हींचा थेट उपयोग होतो. शिवाय चाक कमी रुतते. भाराचा नियम मात्र तेथेही सुटत नाही. नांगरटीच्या वेळी मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, ते भार वाढवण्यासाठीच.

आपल्या काळ्या मातीचा एक विशेष मात्र आहे. पावसात ती टायरच्या खोबणीत गच्च भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. कारचे रुंद, बारीक खोबणींचे टायर अशा कच्च्या रस्त्यावर लवकर भरतात. त्यामुळे महूपलीकडच्या खेड्यांत पावसाळ्यात जाणाऱ्याने ट्रॅक्टर पाहून कारचे टायर निवडू नयेत.

पावसात काय होते?

माझ्या मते या सगळ्या चर्चेतला सर्वांत गंभीर भाग हा आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. रस्त्यावर पाणी साचले असता टायरला ते बाजूला सारावे लागते. वेग वाढला की त्याला तेवढा वेळ मिळत नाही, पाण्याची पाचर ठशाखाली शिरते आणि गाडी रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते. त्या क्षणी स्टिअरिंग हलके होते आणि ब्रेक निरुपयोगी ठरतो. अमेरिकेतील नासा या संस्थेने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून एक सोपा अंदाज निघाला: हवेच्या दाबाचे पीएसआयमधील वर्गमूळ काढून त्याला साधारण १६.७ ने गुणले, की तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. ३३ पीएसआयला तो सुमारे ९६ येतो आणि २४ पीएसआयला ८२. कारसाठी हा आकडा ढोबळच समजावा, कारण खोबणींची खोली आणि पाण्याची खोलीही त्यात भर घालतात.

आता रुंदीकडे पाहू. रुंद ठशापुढे सारायचे पाणी जास्त असते, आणि ठसा आखूड असल्यामुळे ते सारून मागचे रबर रस्त्याला टेकवायला वेळ कमी मिळतो. म्हणजे बाकी सगळे सारखे असताना रुंद टायर आधी तरंगतो. जी कमी हवा कोरड्या रस्त्यावर पकड वाढवते, तीच पावसात तरंगण्याचा वेग खाली आणते. श्रावणातल्या सरीत बायपासवर ताशी ९० ने जाणाऱ्याच्या बाबतीत हा फरक जिवावर बेतू शकतो. टायरची पकड अशी पृष्ठभागागणिक बदलते म्हणूनच इंदूरजवळ पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात, २०२१ मध्ये सुरू झालेल्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान मार्गाखेरीज, ब्रेकच्या चाचण्यांसाठी वेगवेगळ्या घर्षणाचे ओले-कोरडे पृष्ठभाग स्वतंत्रपणे बांधलेले आहेत.

मागे जास्त पकड असणे सुरक्षित नाही का?

काही अंशी आहे. मागची चाके आधी सुटली तर गाडी भोवऱ्यात सापडते, आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. म्हणूनच चारपैकी दोनच टायर नवे घ्यायचे असतील, तर ते मागे बसवावेत, असा टायर कंपन्यांचा सल्ला असतो, आणि तो पाळावा. पण नवा टायर आणि रुंद टायर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढून ओढल्या जाणाऱ्या गाडीचा कल मुळातच वळणावर सरळ जाण्याकडे असतो. मागे रुंद टायर घालून आपण तो कल वाढवतो आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळणाबाहेर जाऊ पाहते. ब्रेक लावताना भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे टायर करतात, आणि तेथेही मागची रुंदी फारशी उपयोगी पडत नाही.

तरीही माप बदलायचेच असेल तर

टायरच्या भिंतीवरचे १८५/६५ आर१५ ही अक्षरे वाचायला शिकावे. १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि १५ हा इंचांतील रिमचा व्यास. स्विफ्टच्या स्वस्त प्रकारांना १६५/८० आर१४ टायर येतात आणि महागड्या प्रकारांना १८५/६५ आर१५. हिशेब केला तर पहिल्या चाकाचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६२१ भरतो. रुंदी २० मिलिमीटरने वाढवताना कंपनीने व्यास सांभाळला आहे, कारण स्पीडोमीटर, ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी एबीएस आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा चाकांच्या फेऱ्यांवरच विसंबून असतात. बदल करायचा तर तो असा असावा: त्याच मॉडेलला कंपनीने दिलेले मोठे माप, त्याला शोभणारी रिम आणि चारही चाकांना एकच.

याउलट मडगार्डबाहेर डोकावणारे टायर आणि स्पेसर लावून बाहेर काढलेली चाके बेअरिंगवर ताण आणतात, मायलेज खातात आणि कायद्याच्याही अडचणी निर्माण करतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. अपघातानंतर विमा कंपनीलाही आक्षेप घ्यायला निमित्त मिळते.

तोच पैसा ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणाऱ्या टायरवर खर्च करावा. खोबण १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर कायद्याने बाद होतो, पण पावसाळ्यासाठी त्याआधीच बदललेला बरा. भिंतीवरचा चार आकडी शिक्काही पाहावा; २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हवा सकाळी, टायर गार असताना, चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे भरावी. आणि पुढे-मागे वेगळी मापे घेताना एवढे ध्यानात ठेवावे की, पुढून ओढणाऱ्या गाडीचे पुढचे टायर लवकर झिजतात, चारही टायरचे माप सारखे असेल तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला ते मागच्यांशी अदलाबदल करून झीज वाटून घेता येते आणि एकच स्टेपनी कोठेही लावता येते. मागे रुंद टायर बसवले की या दोन्ही सोयी त्याच दिवशी संपतात.